ट्रिमचे चाक आणि डावा हात

छोट्या विमानात डाव्या आसनावर बसणाऱ्याच्या दोन हातांची कामे ठरलेली असतात. डावा हात योकवर, म्हणजे नाक वर-खाली करण्याच्या आणि विमान वळवण्याच्या हँडलवर, असतो आणि विमान जमिनीवरून उठल्यापासून पुन्हा थांबेपर्यंत तो तिथून सहसा हलत नाही. उजव्या हाताला मात्र उसंत नसते. इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारे थ्रॉटल त्याचे, इंधन-हवेचे प्रमाण ठरवणारे मिक्श्चर त्याचे, पंखाची मागची कड खाली उतरवणाऱ्या फ्लॅपची दांडी त्याची, रेडिओची बटणे त्याची, आणि गुडघ्याच्या उंचीवर, दोन्ही आसनांच्या मधोमध, निम्मे बाहेर डोकावणारे ते ट्रिमचे काळे दातेरी चाकही त्याचेच. मी शिकवते तेव्हा उजव्या आसनावर बसते, त्यामुळे माझ्या हातांची वाटणी उलटी होते आणि विद्यार्थ्याचे उजवे मनगट मला अगदी जवळून दिसते. हा मुलगा किंवा ही मुलगी आज नीट उतरणार की नाही, याचा अंदाज मला समोरच्या धावपट्टीकडे पाहून जितका येतो, तितकाच त्या मनगटाकडे पाहून येतो. चाकाकडे ते कधी जाते, किती वेळा जाते आणि कोणत्या घाईत जाते, याला फार अर्थ असतो.

ट्रिमची रचना साधी आहे. सेसना १७२ च्या शेपटीच्या आडव्या पंखामागे बिजागरीवर हलणारा एलेव्हेटर असतो आणि त्याच्या उजव्या भागाच्या मागच्या कडेला आणखी एक अरुंद पट्टी बसवलेली असते. चाक फिरवले की साखळी आणि तारा एक स्क्रू फिरवतात आणि ती पट्टी थोडीशी खाली किंवा वर होते. पट्टी खाली गेली की हवा तिला वर ढकलते, तिच्यासोबत एलेव्हेटर वर जातो आणि विमानाचे नाक उचलले जाते. मोठे सुकाणू हलवण्यासाठी त्याच्याच कडेला छोटे सुकाणू बसवण्याची ही युक्ती अँटोन फ्लेटनर या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. पट्टी एवढीशी असते, पण ती कुठे ठेवली आहे यावर पायलटच्या हाताला किती ओझे वाहावे लागेल हे ठरते. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते, पुढे जास्त भरला की तेच जू मान दाबून धरते. गाडीवान माल पुढे-मागे सरकवून जे साधतो, तेच पायलट या चाकाने साधतो. फरक एवढाच की विमानातले हे ओझे वेग बदलला, फ्लॅप उतरले किंवा इंजिनाची शक्ती कमी-जास्त झाली की दर वेळी बदलते.

ट्रिम म्हणजे नाक वर-खाली करण्याचे साधन, असे नवखे विद्यार्थी समजतात. शब्दशः ते खोटे नाही, पण या समजुतीनेच पुढचे घोळ होतात. ट्रिम खरे तर वेग ठरवते. ६५ नॉटला नीट ट्रिम केलेल्या विमानाचा योक सोडून दिला, तर ते थोडे वर-खाली होत पुन्हा ६५ च्याच आसपास येते. म्हणून आधी हाताने नाक हवे तिथे आणायचे, वेग स्थिर होऊ द्यायचा आणि मग हातावर जे ओझे उरले असेल ते चाकाने काढून टाकायचे. चढताना शक्ती, नाक, ट्रिम. सपाट उड्डाणावर येताना नाक, शक्ती, ट्रिम. इंग्रजी आद्याक्षरांचे हे दोन मंत्र प्रत्येक फ्लाइंग क्लबमध्ये पाठ करून घेतात आणि दोन्हींमध्ये ट्रिम शेवटी येते. विद्यार्थी मंत्र बिनचूक म्हणतात आणि विमानात बसले की आधी चाक फिरवतात.

सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या चौकोनी फेरीत, हे फार स्पष्ट दिसते. धावपट्टीला समांतर डाउनविंडवर विमान ९० नॉटच्या आसपास उडत असते. उतरायच्या टोकाच्या समोर आल्यावर शक्ती १,५०० आरपीएमपर्यंत कमी करायची आणि पहिले १० अंश फ्लॅप द्यायचे. १७२ चे पंख वर असतात. फ्लॅप उतरले की पंखामागून खाली वळणारी हवा शेपटीवर आदळते, शेपूट खाली दाबली जाते आणि नाक आपोआप उठते. या क्षणी डाव्या हाताने योक पुढे दाबून धरावा लागतो. पण वेग घटू लागला की तोच हात मागे ओढायला लागतो. म्हणजे काही सेकंदांत ओझ्याची दिशा उलटते. ज्याने फ्लॅप देताच घाईने चाक पुढे फिरवले, त्याला लगेच ते मागे फिरवावे लागते आणि बेसवर, म्हणजे धावपट्टीला आडव्या बाजूवर, वळेपर्यंत त्याचे सगळे लक्ष गुडघ्याजवळच्या त्या चाकात अडकून पडते. ज्याने हाताने नाक धरून ठेवले आणि ७० नॉट झाल्यावरच चाकाला हात लावला, त्याचे काम दोन-तीन टिचक्यांत होते.

आमच्या भागात यात एक स्थानिक भर पडते. फायनलवर, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, विमान आधी नांगरलेल्या काळ्या रानावरून येते आणि मग पाणी दिलेल्या उसावरून. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर काळ्या रानावर गरम हवा विमानाला वर ढकलते आणि उसावर ते धप्पकन खाली बसते. नवा विद्यार्थी दर धक्क्याला चाक फिरवतो. वर ढकलले की चाक पुढे, बसले की चाक मागे. धक्के हाताने झेलायचे असतात आणि चाक सरासरीसाठी असते, हे त्याला सांगून पटत नाही, कारण सरासरी डोळ्यांना दिसत नाही आणि धक्का मात्र पोटात जाणवतो. अशा वेळी मी एक जुना उपाय करते. त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटावरून आणि शेजारच्या दोन बोटांच्या खालून एक पेन्सिल ओवायला लावते. योक मुठीत आवळला की पेन्सिल बोटांत रुतते. दोन-तीन सर्किटमध्ये मूठ सैल होते, आणि ती सैल झाल्याशिवाय विमान कोणत्या बाजूला ओढते आहे हे हाताला कळतच नाही. ट्रिमची खरी परीक्षा म्हणजे फायनलवर ६५ नॉटला हात क्षणभर योकपासून दूर करणे. नाक जागचे हलले नाही, तर ट्रिम बरोबर आहे.

इथवर बहुतेक इन्स्ट्रक्टरांचे एकमत असते. मतभेद सुरू होतात ते शेवटच्या काही शे फुटांत.

काही जण असे शिकवतात की छोट्या फायनलवर चाक आणखी थोडे मागे घ्यावे, किंबहुना बरेच मागे घ्यावे, म्हणजे फ्लेअरच्या वेळी (टेकण्याआधी नाक उचलताना) योक मागे ओढायला जोर लागत नाही आणि उतरणे मऊ होते. उतरणे मऊ होते यात शंका नाही. याच्या अगदी उलट शिकवणारेही आहेत. त्यांच्या मते फायनलवर नाक थोडे जड ठेवावे, हातावर सतत थोडे ओझे वाहावे, म्हणजे गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा चढणे) करावा लागला तर विमान वर उसळणार नाही. या दुसऱ्या मताचा हेतू मला समजतो, पण ते मला पटत नाही. ज्याच्या हातावर सतत ओझे आहे, त्याचे लक्ष वेगावरून आणि धावपट्टीवरून उडून त्या ओझ्यावर जाते, आणि हात थकला की नाक खाली आणि वेग वर सरकू लागतो. शिवाय गो-अराउंड क्वचित होतो, उतरणे मात्र प्रत्येक उड्डाणात असते. क्वचित घडणाऱ्या गोष्टीच्या भीतीने रोजची गोष्ट बिघडवण्यात शहाणपण नाही.

पहिल्या मताचा विचार अधिक काळजीने करावा लागतो, कारण त्याचा फायदा ताबडतोब हाताला कळतो आणि धोका मात्र लपलेला असतो. मला या बाबतीत सर्वांत पटलेला युक्तिवाद एका नियमपुस्तकातला आहे. अमेरिकेच्या छोट्या विमानांसाठीच्या प्रमाणन नियमांत, २०१७ मध्ये ते नव्या पद्धतीने लिहिले जाण्यापूर्वी, पायलटच्या हाताला किती जोर लावावा लागला तर चालेल याचे आकडे दिलेले होते. योक दोन्ही हातांनी धरला असेल तर तात्पुरता जास्तीत जास्त ७५ पौंड, म्हणजे सुमारे ३४ किलो. एका हाताने धरला असेल तर ५० पौंड, म्हणजे सुमारे २३ किलो. आणि सतत धरून ठेवायचा असेल तर १० पौंड, म्हणजे जेमतेम साडेचार किलो. त्याच नियमांत पुढे अशी अट होती की फ्लॅप उतरवलेले, शक्ती काढलेली आणि स्टॉलच्या (ज्याखाली पंखाची उचल मोडते त्या) वेगाच्या १.३ पट वेगाला ट्रिम केलेले विमान घेऊन एकदम पूर्ण शक्ती दिली आणि फ्लॅप गो-अराउंडच्या खाचेपर्यंत उचलले, तरी ट्रिमला हात न लावता, एका हाताने, वर दिलेल्या मर्यादेच्या आत ते आवरता आले पाहिजे.

ही अट नीट वाचली की दोन गोष्टी लक्षात येतात. नियम लिहिणाऱ्यांनी एकाच हाताचा हिशेब धरला, कारण त्या क्षणी उजवा हात थ्रॉटलवर असतो हे त्यांना ठाऊक होते. आणि त्यांनी विमान ट्रिम केले ते फायनलच्या वेगाला; त्याहून कमी वेगाला नव्हे. फ्लेअर सोपा जावा म्हणून ज्याने चाक आणखी मागे घेतले, त्याने विमान ५० नॉटला किंवा त्याच्याही खाली ट्रिम केलेले असते. त्या स्थितीतून पूर्ण शक्ती दिल्यावर डाव्या हातावर किती ओझे येईल, हे त्या चाचणीने तपासलेले नाही. कदाचित आवरेल, कदाचित नाही. माझ्यासमोर एकोणीस वर्षांची, सडपातळ मनगटाची मुलगी बसलेली असते तेव्हा ‘कदाचित’ हा शब्द मला परवडत नाही.

गो-अराउंडमध्ये प्रत्यक्षात काय होते, ते विमान जमिनीजवळ असताना दाखवता येत नाही. ते वरच दाखवावे लागते. एलेव्हेटर ट्रिम स्टॉल या नावाचा हा पाठ अमेरिकेतल्या इन्स्ट्रक्टर प्रशिक्षणात ठरलेला आहे आणि आमच्याकडेही अनेक जण आवर्जून करून घेतात. जमिनीपासून चार हजार फुटांवर, खाली मोकळे रान पाहून, विमान फायनलसारखे तयार करायचे. फ्लॅप ३० अंश, वेग ६५, ट्रिम नीट, हात सोडून पाहिलेला. मग विद्यार्थ्याला सांगायचे की आता थ्रॉटल पूर्ण पुढे घे आणि डावा हात नुसता योकवर टेकवून ठेव, दाबू नकोस.

पंख्याच्या मागून येणारा झोत शेपटीवर एकदम वाढतो आणि नाक उठू लागते. ते झटक्याने उठत नाही, यातच खरी गंमत आहे. ते ठाम, सावकाश उठत राहते. क्षितिज आधी इंजिनाच्या आवरणाच्या कडेवर येते आणि मग त्याच्या खाली गडप होते. समोर नुसते आकाश. पंख्याच्या खालच्या बाजूला जाणाऱ्या पात्याची ओढ वाढल्याने नाक डावीकडे सरकू लागते आणि उजवा पाय दाबायला हवा हे विद्यार्थ्याला आठवायच्या आधीच विमान तिरके झालेले असते. काटा ६० वर, ५५ वर, ५० वर येतो. मग डाव्या पंखाच्या पुढच्या कडेतली शिट्टी वाजते. सेसनाचा हा स्टॉलचा इशारा विजेवर चालत नाही. पंखाच्या कडेतल्या छिद्रातून हवा उलटी ओढली गेली की आतली पातळ पट्टी कंप पावते आणि पेटीच्या सुरासारखा एक रडवेला आवाज येतो. या टप्प्यावर मी म्हणते, “आता ढकल.” विद्यार्थी ढकलतो, तोंड लाल होते, नाक खाली यायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो आणि बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, “मॅम, हे एवढं जड असतं?”

नाही, एवढे जड नसते. ते जड होऊ दिले म्हणून झालेले असते. पुढच्या वेळी तोच प्रयोग मी थ्रॉटल आणि डावा हात एकाच वेळी हलवून करायला लावते. थ्रॉटल पुढे जात असतानाच डावे मनगट सरळ करायचे, कोपर शरीराजवळ घ्यायचे आणि तळवा योकवर टेकवून नाक आधीच अडवायचे. मग ओझे येते, पण ते अचानक येत नाही. हात ते वाढताना सोबत चालतो. विद्यार्थ्याला सर्वांत आश्चर्य याचे वाटते की नाक उचलायचा प्रयत्न केलाच नाही, उलट ते रोखून धरले, तरी विमान चढते.

आणि मगच उजव्या हाताची पाळी. क्रम पुस्तकातला आहे आणि त्यात मला काही सुधारायचे नाही. थ्रॉटल पूर्ण, कार्ब्युरेटर असलेल्या विमानात कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) बंद, फ्लॅप ताबडतोब २० अंशांवर. १७२ च्या एस मॉडेलमध्ये वेग ६० धरायचा, मग अडथळे ओलांडेपर्यंत १० अंश, आणि सुरक्षित उंची व ६५ नॉट मिळाल्यावरच उरलेले फ्लॅप वर. सगळे फ्लॅप एकदम उचलले तर पंखाची उचल अकस्मात जाते आणि विमान बसते. हे सगळ्यांना सांगितलेले असते. चाकाबद्दल मात्र कमी बोलले जाते. फ्लॅप ३० वरून २० वर आले की नाक उठण्याचा जोर आपणहून काही प्रमाणात ओसरतो. त्यानंतर चाकाला दोन भरघोस धक्के पुढे, एवढेच पहिल्या क्षणी पुरते. बारीक ट्रिम चढण स्थिर झाल्यावर. ज्याच्या मनगटाला आधी चाकाकडे धावायची सवय आहे, त्याचा उजवा हात फ्लॅपकडे उशिरा पोहोचतो, डोळे खाली गुडघ्याकडे जातात आणि नेमक्या त्या दोन सेकंदांत नाक कुठे आहे हे कोणीच पाहत नसते. डावा हात एकटा पुरत नसेल, तर थ्रॉटल पूर्ण पुढे गेल्यावर उजवा हातही योकवर आणावा. दोन हातांची मर्यादा ७५ पौंडांची आहे, ती नियमांनी कुणासाठी तरी ठेवली असेलच.

जुन्या १७२ मध्ये फ्लॅप ४० अंशांपर्यंत उतरत. १९८१ च्या मॉडेलपासून ती मर्यादा ३० वर आणली गेली. त्याच मॉडेलमध्ये कमाल वजन १०० पौंडांनी वाढले होते. ४० अंशांच्या फ्लॅपनी भरलेल्या विमानाचा गो-अराउंड कसा रेंगाळतो हे ज्यांनी जुन्या विमानात पाहिले आहे, त्यांना हा बदल कळतो. ११० अश्वशक्तीच्या सेसना १५२ मध्ये एप्रिलच्या दुपारी ४० अंश तापमानात जेमतेम ३० अंश फ्लॅपनीही तीच अवस्था होते. अशा वेळी नाक जरासे जास्त उठले तरी चढण संपते, म्हणून ज्या विमानात इंजिनाची ओढ कमी आहे त्यात डाव्या हाताची शिस्त अधिक लागते. जोर मात्र तिथे कमी लागतो. १५२ ला उलाळ व्हायला फारशी ताकदच नसते.

टच अँड गो हा या साऱ्याचा दुर्लक्षित भाऊ आहे. विमान टेकले, धावत आहे, फ्लॅप वर घेतले, थ्रॉटल दिले आणि चाक तसेच फायनलवरच्या जागी राहिले. ट्रिमचा दर्शक काटा ‘टेक-ऑफ’ या खुणेच्या खूप मागे असतो, पण धावपट्टीवर धावणाऱ्या विमानात त्या काट्याकडे कोण पाहतो? विमान ठरलेल्या वेगाच्या आधीच नाक उचलते आणि जमिनीजवळ, कमी वेगाला, तीच चढण सुरू होते जी आपण चार हजार फुटांवर मुद्दाम पाहिली होती. सोलो जाणाऱ्या विद्यार्थ्याला मी पूर्ण थांबून, परत फिरून उड्डाण करायला सांगते, त्याचे एक कारण हेच आहे. धावपट्टी सोडून टॅक्सीवेवर आल्यावर चाक पुन्हा खुणेवर आणायला त्याला भरपूर वेळ मिळतो.

मोठ्या विमानांचे अपघात छोट्या विमानांच्या शिकवणीत ओढून आणू नयेत, असे मला सहसा वाटते. त्यांची यंत्रणा वेगळी आणि कारणांची गुंतागुंतही वेगळी. पण दोन घटना मी सांगते, कारण त्यांतली हातांची आणि ट्रिमची झटापट ओळखीची आहे. २६ एप्रिल १९९४ रोजी जपानमधील नागोया येथे चायना एअरलाइन्सचे एअरबस ए३०० उतरत असताना सहवैमानिकाकडून चुकून गो-अराउंडची कळ दाबली गेली. पुढे ऑटोपायलट नाक वर नेण्यासाठी शेपटीचा आडवा पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, फिरवत राहिला आणि वैमानिक विमान उतरवण्यासाठी योक पुढे दाबत राहिले. शेवटी उतरणे सोडून चढायचे ठरवले तेव्हा पूर्ण शक्ती आणि जवळपास टोकापर्यंत गेलेली ट्रिम एकत्र आल्या. नाक ५० अंशांहून अधिक उभे राहिले, विमान स्टॉल झाले आणि २७१ पैकी २६४ जण गेले. हे फक्त मोठ्या विमानात होते असे नाही. अनेक १७२ एसमध्ये असलेल्या केएपी १४० या ऑटोपायलटच्या पुस्तिकेतच इशारा आहे की ऑटोपायलट चालू असताना योकवर जोर लावला, तर तो त्या जोराविरुद्ध ट्रिम फिरवत राहतो. म्हणून ऑटोपायलट सुटलेला आहे की नाही, हे फायनलवर एकदा बोट टेकवून पाहायचे.

दुसरी घटना याच्या उलट बाजूची आहे. १९ मार्च २०१६ रोजी रशियातील रोस्तोव-ऑन-डॉन येथे फ्लायदुबईच्या बोईंग ७३७-८०० ने रात्री, खराब हवेत दुसरा गो-अराउंड घेतला. त्यात नाक खाली करणारी ट्रिमची कळ बारा सेकंद दाबलेली राहिली आणि विमान वेगाने खाली आले. ६२ जण मृत्युमुखी पडले. रात्री पूर्ण शक्ती दिली की पुढे ढकलले जाण्याचा भास शरीराला नाक उठल्यासारखा वाटतो, आणि हात अधिकच ढकलू लागतो. दिवसा मी विद्यार्थ्याला ढकलायला शिकवते. रात्रीच्या पहिल्या गो-अराउंडच्या आधी मला त्याला हेही सांगावे लागते की किती ढकलायचे हे पोटाला विचारू नकोस, कृत्रिम क्षितिजाला विचार. धावपट्टीचे दिवे मागे पडले आणि पुढे काळोखी शेते आली की बाहेर पाहण्यासारखे काही उरतच नाही.

एकाच विमानावर शिकलेल्यांनी दुसऱ्या विमानात जाताना चाक आधी जमिनीवर फिरवून पाहावे, हा माझा आग्रह आहे. जुन्या पायपर चेरोकीमध्ये ट्रिम डोक्यावरच्या छताला असते, फिरकीच्या हँडलने फिरवायची. ती कोणत्या बाजूला फिरवली की नाक कुठे जाईल हे घाईत आठवत नाही. पायपर कबमध्ये शेपटीचा अख्खा स्टॅबिलायझरच तिरका होतो, मूनीमध्ये तर सगळी शेपूट हलते. यंत्रणा कोणतीही असो, गो-अराउंडच्या क्षणी हात तीच जुनी सवय घेऊन येतो.

आमच्या हँगरमध्ये एका खाजगी मालकाचे सेसना १८२ आहे आणि त्यावरून आमचे एक ज्येष्ठ सहकारी आणि मी यांचा वाद अजून मिटलेला नाही. २३० अश्वशक्तीचे जड इंजिन पुढे, मागची आसने रिकामी आणि पुढे दोन धडधाकट माणसे असली की त्या विमानाचे नाक फ्लेअरमध्ये खरोखर शिशाचे वाटते. पुरेसे मागे ओढता आले नाही तर पुढचे चाक आधी टेकते, आणि मग इंजिनामागची भिंत वाकण्याचा खर्च अनेक १८२ मालकांनी सोसलेला आहे. सर म्हणतात की अशा विमानात छोट्या फायनलवर चाक थोडे मागे घेणे हा आळस नाही, विमानाचा स्वभाव ओळखणे आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी मान्य करते. १७२ चा नियम डोळे झाकून १८२ ला लावता येणार नाही. पण मागे बसवायला वजनाची पिशवी बांधून घ्या, मग चाकाची गरज उरते का पाहू, असे माझे म्हणणे असते, आणि त्यावर सर हसून म्हणतात की दर वेळी पिशवी उचलायला येणार कोण.

तोवर आमच्यात एक तडजोड झाली आहे. सरांचा विद्यार्थी १८२ वर चेकसाठी माझ्याकडे आला की तो सरांच्या पद्धतीनेच ट्रिम करतो. मी अडवत नाही. फक्त त्याआधी वर चार हजार फुटांवर त्याच ट्रिमवरून पूर्ण शक्ती देऊन विमान आवरून दाखवायचे, आणि ते जमले तरच सर्किटमध्ये यायचे. मग फायनलवर २०० फुटांवर मी “गो-अराउंड” म्हणते आणि त्याच्या डाव्या कोपराकडे पाहते.